कपाटातला घाट

आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या उंचीचं एक काळं कपाट आहे. त्यातले पंखे दिवसरात्र घरघरतात. पुढच्या टेबलावर वहीएवढा ॲल्युमिनियमचा डबा असतो, ट्रकच्या इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिनाला हुकूम देणारा संगणक. डब्याची अशी ठाम समजूत असते की आपण ट्रकमध्ये बसलो आहोत, शेजारी सहा सिलिंडर धडधडताहेत आणि मागे भरलेला माल आहे. प्रत्यक्षात तिथे इंजिन नाही, ट्रक नाही, डिझेलचा थेंबही नाही. वेग, दाब, तापमान यांचे सगळे संकेत कपाट तयार करतं आणि डब्याच्या पिनांवर ठेवतं. डबा त्यावर इंधनाचा हुकूम सोडतो. कपाट तो हुकूम वाचतं, त्या इंधनावर इंजिन कसं वागलं असतं याचं गणित करतं आणि नवे संकेत पाठवतं. हे चक्र फिरत राहतं. याला 'हार्डवेअर इन द लूप' म्हणतात, आमच्या तोंडी नुसतं 'हिल'. पुण्यात चाकणपासून हिंजवडीपर्यंत अशी कपाटं बरीच आहेत. त्यांतल्या एकापुढे माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली.

या कामाचा जीव वेळेत आहे. क्रँकवरच्या दातेरी चाकाला साठ दातांची जागा असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. त्या मोकळ्या जागेवरून ईसीयू पिस्टन कुठे आहे हे ओळखतो. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर एका दाताच्या वाट्याला जेमतेम अर्धी मिलिसेकंद येते. आमचं इंजिनाचं मॉडेल एका मिलिसेकंदात एकदा गणित करतं. दात दाखवायचं काम त्याच्यावर सोपवलं, तर डब्याला इंजिन अडखळताना दिसेल आणि तो इंधन तोडेल. म्हणून दातांसाठी एफपीजीए ही वेगळी, कितीतरी वेगवान चिप ठेवतात. इंजेक्टर मात्र आम्ही खरेच लावतो. त्यांच्या कॉइलमधला विद्युतप्रवाह कसा चढतो आणि कसा उतरतो यावर ईसीयूचं बारीक लक्ष असतं, आणि तो चढउतार हुबेहूब उतरवणं फार कठीण आहे. खोक्यात बसवलेले ते सहा इंजेक्टर इंधनाविना टकटकत असतात. संबंध खोलीत खऱ्या इंजिनाचा तेवढाच एक आवाज.

या कपाटाची गरज आम्हाला फार तीव्रतेनं कळली ती बीएस-सहा या वाहनांच्या धुराच्या नियमांच्या वेळी. बीएस-पाच ओलांडून थेट सहावर जायचं सरकारनं २०१६ मध्ये ठरवलं, मुदत १ एप्रिल २०२०. जड वाहनांच्या डिझेल इंजिनांना दर किलोवॉट-तासाला ३.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, ती ०.४६ ग्रॅमवर आली, तीही आधीपेक्षा कठीण चाचणीत. हा पल्ला एकट्या इंजिनाच्या आवाक्यातला नव्हता. धुराच्या वाटेवर युरियाचं द्रावण फवारायचं, उष्णतेनं त्याचा अमोनिया होऊ द्यायचा आणि उत्प्रेरकावर त्या अमोनियाकरवी नायट्रोजन ऑक्साइडचं साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात रूपांतर करायचं, असा मार्ग निघाला. तो चालतो, पण उत्प्रेरक तापलेला असेल तरच. साधारण २०० अंशांच्या खाली फवारा थांबवावा लागतो, नाहीतर युरियाचे पांढरे खडे पाइपात साचतात.

ईसीयूला या यंत्रणेवर पहाराही द्यायचा असतो. सेन्सरची तार तुटली, युरिया संपला, कोणी टाकीत नुसतं पाणी ओतलं, तर त्यानं ओळखलं पाहिजे आणि चालकासमोर दिवा लावला पाहिजे. अशा शेकडो बिघाडांसाठी खऱ्या ट्रकच्या तारा कोण आणि किती वेळा तोडणार? कपाटात त्या रिलेनं तुटतात आणि पुन्हा जुळतात. आम्ही संध्याकाळी चाचण्या लावून घरी जायचो आणि सकाळी निकाल वाचायचो. लेहमधली विरळ हवा हवी असली, तर दाबाचा एक आकडा बदलला की झालं. गोठणाऱ्या पहाटेसाठी तापमानाच्या सेन्सरच्या जागी जास्त रोध दाखवायचा. मला या कामाचा अभिमान होता, आजही आहे.

२०१८च्या पावसाळ्यात आमचा एक ट्रक बोरघाटातून उतरला. मागे धुराचं मापन करणारी उपकरणं बांधली होती. हाच उतार कपाटात आम्ही कितीतरी वेळा उतरलो होतो आणि प्रत्येक वेळी आकडे मर्यादेच्या आत होते. रस्त्यावर मात्र खोपोलीच्या सपाटीला लागून चालकानं वेग घेतला, तशी नायट्रोजन ऑक्साइडची रेघ वर गेली आणि काही मिनिटं वरच राहिली. कपाट म्हणत होतं, घाटाच्या पायथ्याशी उत्प्रेरक २३० अंशांवर असेल. तो १७० वर होता. ईसीयूनं नियमाप्रमाणे फवारा बंद ठेवला होता. चूक त्याची नव्हती.

आमच्याकडे टेस्ट सेलमध्ये, म्हणजे खरं इंजिन चालवून मोजायच्या बंद खोलीत, आयुष्य घालवलेले एक ज्येष्ठ सहकारी होते. सगळे त्यांना काका म्हणत. मी दोन्ही आलेख त्यांच्यापुढे ठेवले. ते बराच वेळ बघत राहिले.

"टर्बोपासून उत्प्रेरकापर्यंतच्या पाइपाची उष्णता कशी जाते, हे आकडे कुठून घेतलेस?"

"तुमच्याच सेलमधून, काका."

"सेलमध्ये पाऊस पडतो का? पोरी, तुझ्या मॉडेलला पाऊस ठाऊक नाही."

खरंच नव्हता. घाट उतरताना इंधन बंद असतं आणि इंजिन नुसता पंप होऊन गार हवा धुराच्या वाटेनं ढकलत राहतं. वर पावसाचं पाणी आणि वारा पाइपावर झोडपत असतात. आम्ही घाटाचा चढउतार कपाटात आणला होता, हवा मात्र बंद खोलीतलीच ठेवली होती. उतारावर हवेची झडप मिटून गार हवा रोखायची सोय ईसीयूत होती, पण कपाटात तिची गरजच कधी दिसली नाही म्हणून ती कोणी जुळवलीही नव्हती. मॉडेलमध्ये वारा आणि पाणी घातल्यावर कपाटातली रेघही खोपोलीला वर गेली. त्या रात्री कपाटावर आलेली नापासाची लाल खूण पाहून मला बरं वाटलं. मग झडप जुळवायला आठवडे लागले, आणि ते काम कपाटापुढेच झालं.

त्या दिवसांत मला २०१५ची फोक्सवॅगनची गोष्ट वारंवार आठवायची. १८ सप्टेंबरला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं जाहीर केलं की त्या डिझेल गाड्यांचा ईसीयू स्टिअरिंगची स्थिती, वेग, हवेचा दाब यांवरून आपण चाचणीत आहोत हे ओळखतो आणि तेवढ्यापुरता धूर साफ ठेवतो. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जात होतं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाड्या रस्त्यावर नेऊन मोजल्या, म्हणून हे उजेडात आलं. माझ्या पेशातल्या माणसाला हे फार लागतं. डब्याला आपण टेबलावर आहोत हे कळू नये म्हणून आम्ही अर्ध्या मिलिसेकंदांशी झुंजतो, आणि तिथे आमच्यासारख्याच कोणा इंजिनिअरनं डब्याला तेवढंच ओळखायला शिकवलं. तेव्हापासून मी एक चाचणी कधी गाळत नाही. तोच प्रवास दोनदा चालवायचा, एकदा स्टिअरिंग स्थिर ठेवून, एकदा वळणं घेत. फवाऱ्यात फरक दिसला, तर कारण मिळेपर्यंत पुढे जायचं नाही.

मोटारींसाठी १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडेही धूर प्रत्यक्ष रस्त्यावर मोजला जातो. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. कपाटातला निकाल रस्त्याशी ताडून पाहायची सक्ती त्यामुळे झाली. कपाटाचं काम त्यानं कमी झालं नाही, उलट वाढलं, कारण रस्त्यावर एकदाच घडलेली गोष्ट पुन्हा पुन्हा घडवून बघायची सोय फक्त कपाटातच आहे.

या कामाला नव्यानं लागणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. पहिल्याच पावसाळ्यात भरलेल्या ट्रकमधून बोरघाट उतरा, आणि त्याआधी धुराच्या पाइपाला तापमान मोजणारं थर्मोकपल लावून घ्या.