वणीची ट्रॉली ते आल्प्सचा टी-बार

नाशिककराला बर्फ भेटतो तो दोनच ठिकाणी. एक गोळेवाल्याच्या गाडीवर आणि दुसरा फ्रीजरमध्ये. निफाडचा पारा कितीही घसरू दे, पेपरात 'हुडहुडी'चे कितीही मथळे येऊ देत, पायात स्कीज् बांधून गंगापूर रोडवरून घसरत ऑफिसला जाण्याची वेळ काही आपल्यावर येत नाही. मग स्की लिफ्टवर लेख कशाला?

कारण साधं आहे. ज्या जातीच्या यंत्रात बसून स्वित्झर्लंडमधली माणसं स्कीइंगला जातात, त्याच जातीचं यंत्र आपल्यापासून साधारण ६० किलोमीटरवर रोज वर-खाली करतंय. सप्तशृंगगडावर. आपण त्याला 'ट्रॉली' म्हणतो आणि विषय संपवतो.

दुसरं कारण म्हणजे आपली पिढी फिरायला लागली आहे. कुणी ऑनसाइट म्हणून झुरिकला जातं, कुणी हनिमूनला गुलमर्गला, कुणी मित्रांबरोबर सोलांगला. तिथे घसरायला शिकवणारे इन्स्ट्रक्टर मिळतात, पण लिफ्टवर चढायचं कसं हे बहुतेक वेळा रांगेत पुढच्याकडे बघूनच शिकावं लागतं. आणि पहिल्या दिवशी आपटणारे निम्मे लोक उतारावर नाही, लिफ्टवर आपटतात! तेव्हा घरच्या ट्रॉलीपासून सुरुवात करू आणि जगातल्या सगळ्यात विचित्र लिफ्टपर्यंत जाऊ.

एक डबा वर, एक खाली

दिंडोरी, वणी, मग नांदुरी आणि नांदुरीहून गडाचा घाट. हा रस्ता आपल्याला पाठ आहे. गडावरच्या गावातून देवीच्या गाभाऱ्यापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या. त्या अठराव्या शतकात उमाबाई दाभाडे यांनी बांधून घेतल्या असं सांगतात. २०१८ साली या पायऱ्यांना पर्याय आला, फ्युनिक्युलर ट्रॉली.

फ्युनिक्युलरचा फंडा एकदम सोपा आहे. विहिरीवरच्या रहाटाला दोन बादल्या बांधा. एक वर येते तेव्हा दुसरी खाली जाते. तसंच इथे रुळावरचे दोन डबे एकाच दोरीच्या दोन टोकांना असतात. खाली येणाऱ्या डब्याचं वजन वर जाणाऱ्याला ओढायला मदत करतं, त्यामुळे मोटरला फक्त दोघांतला फरक ओढावा लागतो. डब्यात इंजिन नसतंच. दोरी तुटली तर डबा घरंगळू नये म्हणून रुळाला चिमट्यासारखे धरणारे ब्रेक असतात.

एकाच रुळावर दोन डबे असतील तर ते मध्ये धडकत नाहीत का? नाही. बरोब्बर अर्ध्या वाटेवर रूळ दुभंगतो, डबे एकमेकांना टाटा करतात आणि रूळ पुन्हा एक होतो. स्वित्झर्लंडच्या गीसबाखमध्ये १८७९ साली ही युक्ती पहिल्यांदा वापरली गेली.

आपल्या ट्रॉलीचं कौतुक 'भारतातली पहिली' असं केलं जातं. पण तमिळनाडूत पळणीच्या मुरुगन मंदिराच्या डोंगरावर १९६० च्या दशकापासून रुळावरून दोरीने ओढले जाणारे डबे भाविकांना नेतायत. तेव्हा 'पहिली' हा शब्द जपून वापरू. महाराष्ट्रातल्या देवस्थानांत मात्र गडाची ट्रॉली खास आहे, यात वाद नाही.

तिच्या वयाची एक बहीण स्वित्झर्लंडमध्ये आहे. डिसेंबर २०१७ मध्ये श्टूस नावाच्या गावात जगातली सगळ्यात तीव्र चढाची फ्युनिक्युलर सुरू झाली. चढ ११० टक्के, म्हणजे जवळजवळ ४८ अंश. तिचे डबे गोल पिंपासारखे आहेत आणि चढ बदलेल तसे फिरतात, त्यामुळे आत उभ्या माणसाच्या पायाखालची जमीन सपाटच राहते. श्टूस हे बिनगाड्यांचं गाव आहे. हिवाळ्यात लोक स्कीज् घेऊन या पिंपात शिरतात. आपल्याकडे हातात नारळ आणि खण, त्यांच्याकडे स्कीज्. तत्त्व तेच!

मावशीची पहिली पायरी

मागच्या थंडीत मी मावशीला घेऊन गडावर गेले. मावशी सटाण्याची, वय अडुसष्ट. तरुणपणी ती दर वर्षी पायऱ्या चढून जायची. मग गुडघे गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं ती गडावर यायची आणि पहिल्या पायरीला हळद-कुंकू वाहून, डोकं टेकवून तिथेच बसायची. आम्ही पोरं वर जाऊन प्रसाद आणायचो. ट्रॉली सुरू झाली तेव्हाही ती 'यंत्रात बसून कसलं दर्शन' म्हणत टाळत राहिली.

या वेळी बसली. दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून. काही मिनिटांत दार उघडलं तेव्हा तिने विचारलं, "झालं पण?" वर ती देवीसमोर इतका वेळ उभी राहिली की मागच्या बाईने हळूच ढकललं. येताना मला म्हणाली, "मी डब्यातून येते. तू पायऱ्यांनी उतर. तुला पाय आहेत."

लिफ्ट कुणासाठी असते, याचं याहून सोपं उत्तर मला कुठे मिळालेलं नाही.

ट्रॉलीत बसताना

फ्युनिक्युलरचे डबे बऱ्याचदा आतून जिन्यासारखे असतात. दारातच थांबू नका, आत सरका. वयस्कर लोक आणि लहान मुलांना आधी चढू द्या. जाताना उताराकडे तोंड केलंत तर खालचा देखावा मिळतो. पोटात गोळा येत असेल तर चढाकडे बघा.

आणि बाहेर पडायचा मार्ग कुठे आहे तो एकदा बघून ठेवा. ११ नोव्हेंबर २००० ला ऑस्ट्रियातल्या काप्रुनमध्ये स्कीइंगला निघालेल्या फ्युनिक्युलरला बोगद्यात आग लागली आणि १५५ माणसं गेली. डब्यातून जिवंत बाहेर आले ते फक्त बारा जण आणि ते बोगद्यातून खालच्या दिशेने गेले होते. धूर वर चढतो, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पाळणा आणि खुर्ची

रुळावरून आता हवेत जाऊ. आपल्या ओळखीचा पाळणा म्हणजे रायगडचा रोपवे, १९९६ सालचा. तिथे एका बाजूचे पाळणे वर निघाले की दुसऱ्या बाजूचे खाली, आणि चढताना ते थांबलेले असतात. गुलमर्गचा गोंडोला वेगळा. तिथल्या केबिन स्टेशनात शिरल्या की दोरीपासून सुटून अगदी हळू सरकत राहतात, थांबत नाहीत. चालत-चालतच आत शिरायचं. पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांना हे वेगळं शिकवायला नको, फक्त इथे धक्काबुक्की करायची नाही.

खुर्चीवाली लिफ्ट, म्हणजे चेअरलिफ्ट, ही खरी परीक्षा. ती पहिल्यांदा १९३६ साली अमेरिकेत सन व्हॅलीला बसवली गेली. तिचा इंजिनिअर जेम्स करन याने याआधी जहाजात केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रावर काम केलं होतं. हुकला केळी लटकू शकतात तर माणूस का नाही? झालं. आज जगभर माणसं केळ्यांसारखी डोंगर चढतायत.

चढायचं कसं? सॅक पाठीवरून काढून पोटाशी घ्या. दोन्ही काठ्या एका हातात. रेघेवर उभं राहून मागे वळून खुर्चीकडे बघा, ती पोटरीला टेकली की बसा. आधी नाही, नंतर नाही. कालिका यात्रेतल्या आकाशपाळण्यासारखी ती तुमच्यासाठी थांबणार नाही. बसलात की समोरचा दांडा खाली ओढा. वर पोचताना दांडा उचला, स्कीज्ची टोकं वर ठेवा, पाय टेकले की उभे राहा आणि सरळ पुढे जा. तिथेच थांबून फोटो काढलात तर मागची खुर्ची तुमच्यावर येईल.

बसायचं नाही!

आता जमिनीवरून ओढणाऱ्या लिफ्ट. यात तुमच्या स्कीज् बर्फावरच राहतात आणि दोरी तुम्हाला वर ओढते. या घराण्याचा मूळपुरुष १९०८ सालचा. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये शोलाख गावात रॉबर्ट विंटरहाल्डर याने पाणचक्कीच्या जोरावर ती चालवली.

टी-बार म्हणजे उलटा टी. त्याची आडवी दांडी दोघांच्या पार्श्वभागाखाली येते. दिसायला सीट, पण सीट नाही. बसलात की आपटलात. नुसतं उभं राहायचं, गुडघे सैल, स्कीज् समांतर, आणि दांडीला ढकलू द्यायचं. जोडीदार शक्यतो आपल्याच उंचीचा निवडा, नाहीतर एकाच्या कमरेला आणि दुसऱ्याच्या गुडघ्याला दांडी लागते.

पोमा म्हणजे काठीच्या टोकाला थाळी. नाव जाँ पोमागाल्स्की या संशोधकावरून. गुलमर्गचा गोंडोला त्याच कंपनीचा. थाळी दोन पायांमध्ये घ्यायची, काठी धरायची आणि पहिल्या झटक्याला तयार राहायचं. तो झटका सीबीएसच्या स्टँडवरून अचानक सुटणाऱ्या एसटीची आठवण करून देतो.

या दोन्हींत पडलात तर एकच नियम. सोडून द्या आणि लोळत वाटेबाहेर व्हा. मागून पुढचा गडी येतोय.

अगदी नवख्यांसाठी 'मॅजिक कार्पेट' आहे, म्हणजे मॉलमधल्यासारखा सरकता पट्टा. लाज वाटून घेऊ नका. सगळे तिथूनच सुरू करतात.

आणि हे अजबच

न्यूझीलंडमधल्या क्लबांच्या छोट्या स्की मैदानांवर 'नटक्रॅकर' चालतो. इथे ना सीट, ना दांडी. नुसती पळती दोरी. कमरेला पट्टा आणि त्याला अडकित्त्यासारखा लोखंडी चिमटा. आधी हाताने दोरी हळूहळू पकडून तिचा वेग अंगात घ्यायचा, मग दुसऱ्या हाताने चिमटा दोरीवर टाकायचा. वाटेत दोरी कप्प्यांवरून जाते, तिथे बोटं लांब ठेवायची. हातमोज्यांवर आणखी एक जाड आवरण घालतात, नाहीतर दोरी मोजे खाऊन टाकते.

चिलीतल्या पोर्टिओची तऱ्हा त्याहून भारी. तिथले कडे इतके तीव्र आणि हिमकडे कोसळण्याचा धोका इतका की वाटेत खांब उभे करणं परवडत नाही. म्हणून चार-पाच जण एका आडव्या दांड्याला शेजारी-शेजारी थाळ्या लावून उभे राहतात आणि गलोलीतून सुटल्यासारखे वर खेचले जातात. वर पोचल्यावर ठरलेल्या क्रमाने एकेकाने सुटायचं. एकाने घाई केली तर सगळ्यांचा तोल जातो. टीमवर्कचं ट्रेनिंग देणाऱ्या एचआरवाल्यांनी ऑफिसची सहल एकदा तिथे न्यावी!

प्रत्येक डोंगराला दोरी?

या सगळ्या लिफ्ट बघितल्या की एक गोष्ट कळते. चांगली लिफ्ट डोंगराचा स्वभाव बघून बांधलेली असते. पोर्टिओत खांब टिकणार नाहीत म्हणून खांब नाहीत. आणि डोंगराचं ऐकलं नाही, तर डोंगर ऐकवतो. उत्तराखंडच्या जोशीमठमध्ये जमीन खचायला लागली तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, औलीच्या स्की उतारांवर नेणारा तिथला रोपवे बंद करावा लागला.

हे आपल्याही दारात आलंय. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीला जोडणाऱ्या रोपवेचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी विरोध केला. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. तिथे सापडणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलफुलाची जात २००६ साली जगासमोर आली, आणि तिच्या नावातच हा डोंगर आहे. हे क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून जाहीरही झालेलं आहे.

वणीची ट्रॉली हवी आणि अंजनेरीचा रोपवे नको, हा दुटप्पीपणा आहे का? मला तसं वाटत नाही. वणीला पायऱ्या होत्या, लाखो माणसं आधीपासून चढत होती आणि ज्यांना चढता येत नव्हतं त्यांची सोय झाली. अंजनेरीला दोरी गिधाडांच्या आकाशातून जाईल. माझ्या मावशीसारख्या कुणाला ब्रह्मगिरी बघायचा असेल, हेही मला मान्य आहे. पण मग आधी विचारायला हवं की तिला वर नेण्याचा दुसरा मार्ग आहे का. दोरी टाकून झाल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नाही.

तोपर्यंत प्रॅक्टिस करायची तर वणीला जा. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात तर गर्दीचा महापूर असतो. घरातल्या आजी-आजोबांना, गुडघेदुखीवाल्या काकूंना बरोबर घ्या आणि ट्रॉलीत बसवून द्या. आणि रांग लांब असेल, तुमचे गुडघे शाबूत असतील, तर आपली जागा त्यांना सोडून पायऱ्यांना लागा. जिमची फी वसूल होईल.