जाबेझ विल्सनचें हंसें

शेरलॉक होम्सच्या गोष्टींवर इंग्लंडांतील ग्रॅनाडा कंपनीनें १९८४ सालीं सुरू केलेली दूरचित्रवाणीवरील मालिका आम्हां चौघां मित्रांना जवळजवळ पाठ आहे. जेरेमी ब्रेटचा होम्स सर्वांना सारखाच प्रिय. परंतु ‘रेड-हेडेड लीग’ हा १९८५ चा विनोदी भाग निघाला कीं आमच्यांत दुफळी झालीच म्हणून समजावें!

लाल केसांचा जाबेझ विल्सन गहाणवटीचें दुकान चालवितो. केवळ केसांच्या रंगावर त्याला आठवड्यास चार पौंडांची नोकरी मिळते. काम काय, तर विश्वकोश उतरून काढावयाचा! आठ आठवडे बिचारा ‘ए’ अक्षरांतच असतो. मग एके दिवशीं दारावर सूचना दिसते, संस्था बंद झाली. ही हकीगत ऐकून होम्स व वॉटसन खोखो हंसतात.

मित्र म्हणतात, अशा मूर्खाला हंसावें नाहीं तर काय करावें? शिवाय तीसएक पौंड त्याला मिळालेच कीं. मला हें पटत नाहीं. त्याला दुकानांतून दूर ठेवून चोर तळघरांतून पेढीकडे भुयार खणीत होते. इकडे त्यानें मात्र पदरची शाई घालून इमानानें काम केलें. हंसतों मीही; परंतु तो रागावून उठूं लागतो तेव्हां माझें हंसूं आटतें. होम्स त्याला लगेच पुन्हां बसवितो, म्हणून बरें.

‘तूं फळ्यावरचें अक्षरन् अक्षर उतरून घेतोस, म्हणून तुला त्याचा कळवळा,’ असें मित्र म्हणतात. हें कांहीं उत्तर नव्हे, आणि मीं तसें त्यांना सांगितलेंही आहे.