म्हाकूळ आणि माझ्या बांगड्या

माझं माहेर लातूरकडचं, हनफी. समुद्रातली फक्त मासळी खाणारं. सासर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं, शाफई. इथे म्हाकूळ, म्हणजे स्क्विड, आवडीने खातात. मी आजही खात नाही, पण साफ करायला सासूबाईंनी शिकवलं. डोकं धरून अलगद ओढायचं, शाईची पिशवी फुटू द्यायची नाही, आतली काचेसारखी पट्टी काढून टाकायची.

गेल्या हंगामात आमच्या जाळ्यात म्हाकूळ बरंच लागलं. निर्यातीचा माल, त्यामुळे भावही चांगला मिळाला. धाकटे दीर हरखून गेले. म्हणाले, "भाभी, समुद्र तापतोय आणि म्हाकूळ वाढतंय, बातमीत आलंय. आपण दुसरी होडी घेऊ." त्यासाठी माझ्या निकाहातल्या बांगड्या मोडाव्या लागणार होत्या. मी हो किंवा नाही म्हणण्याआधी वाचून पाहायचं ठरवलं.

दीर खोटं बोलत नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 1953 ते 2013 या साठ वर्षांच्या नोंदी तपासून 2016 साली सांगितलं, की जगाच्या अनेक समुद्रांत म्हाकूळ, माखली, ऑक्टोपस हे प्राणी वाढले आहेत. बहुतेक म्हाकूळ वर्षभरच जगतं, झपाट्याने वाढतं, भरपूर अंडी घालतं आणि मरतं. पाणी थोडं तापलं तर वाढ आणखी लवकर होते. शिवाय त्याला खाणारे मोठे मासे माणसाने पकडून कमी केले, हेही एक कारण असू शकतं.

पण जपानची हकीकत उलटी निघाली. तिथे 'सुरुमे-इका' नावाचं म्हाकूळ घरोघरी खातात. 1968 साली ते साडेसहा लाख टनांहून जास्त मिळालं होतं. अलीकडे पन्नास हजार टनही मिळत नाही. अंडी घालायच्या जागेचं पाणी बदललं, की त्या साली पिल्लं जगत नाहीत. आयुष्यच एका वर्षाचं, म्हणून ती तूट भरून काढायला जुनी पिढी मागे उरलेली नसते.

रात्री जेवताना हे सगळं सांगितलं. सासऱ्यांची चाळीस वर्षं समुद्रावर गेली. ते म्हणाले, "घोळ, सुरमई भरपूर मिळायची तेव्हा म्हाकूळ कोण मोजायचं? हे किती वाढलं ते नंतर बघ. बाकीचं किती घटलं ते आधी बघ."

दीर गप्प बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "मग करायचं काय?"

शेवटी असं ठरलं, की दोन हंगाम रोजची मासळी वहीत लिहायची. म्हाकूळ किती, सुरमई किती, बांगडा किती. वही माझ्याकडे आहे. दीर अजून थोडे नाराज आहेत, पण होडी किनाऱ्याला लागली की आकडे सांगायला आधी तेच येतात. बांगड्या हातातच आहेत.