पागात आलेला सायप्रिनस

मे महिन्यात आमच्याकडचे ओढे कोरडे पडतात, पाताळगंगा नदी मात्र वाहती असते. घाटावरच्या वळवण, शिरोटा, लोणावळा या तलावांचं पाणी टाटांच्या खोपोलीच्या वीजघरात उतरतं आणि तिथून नदीत येतं. १९१५ पासून हे चालू आहे. म्हणूनच आमच्या मोहोपाड्याला ऐन उन्हाळ्यातही पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, टाकता येतो.

त्या दिवशी पहाटे मामांबरोबर गेलो होतो. "आधी भिजव. कोरा पाग उघडत नाय," मामा म्हणाले. दोरीचा फास मनगटात, निम्मा घेर डाव्या कोपरावर, उरलेला उजव्या हातात. पाग गोल पडला की पाण्यावर सर्रकन आवाज होतो, शिशाच्या गोळ्या एकदम बुडतात. मग थांबायचं. शिसं तळाला टेकायच्या आधी दोरी ओढली तर घेर उचलतो आणि मासा खालून निसटतो.

तिसऱ्या फेकीला दोरीला चांगलाच हिसका बसला. काठावर ओढला तर दोनेक किलोचा सायप्रिनस. सोनेरी खवले, तोंडाशी चार मिशा, ओठ नळीसारखे पुढे काढून चिखल ओकत होता. सोबत सात चिलापी (तिलापिया). त्यातली एक जाळीतून सोडवताना तिच्या तोंडातून माझ्या तळहातावर बारीक पिल्लं सांडली, मोहरीएवढे डोळे असलेली. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. मी हात तसाच धरून राहिलो.

मळे, शिंगटी, खवल या आपल्या नदीतल्या मूळच्या माशांतलं काहीच नव्हतं. "पूर्वी पागात हेच असायचं," मामा एवढंच बोलले.

चिलापी भारतात आली १९५२ मध्ये. सध्या तळ्यांत दिसतो तो सायप्रिनस १९५७ मध्ये बँकॉकहून. लोकांच्या ताटात स्वस्त मासा यावा म्हणून आणले, त्या हेतूला मी नावं ठेवत नाही. पण पावसात तळी फुटतात, भरून वाहतात आणि पाळलेला मासा नदीचा होतो. सायप्रिनस तळ उकरून खातो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो. चिलापी वर्षातून अनेकदा विते. आपल्या नदीतल्या बऱ्याच माशांना मात्र पावसाळ्याची वाट बघावी लागते.

आणि त्याच पावसाळ्यात आपण त्यांना गाठतो. पहिल्या मोठ्या पावसात वलगण चढते. अंड्यांनी फुगलेले मासे प्रवाहाच्या उलट, ओढ्यातून थेट भाताच्या खाचरात शिरतात. आम्ही बत्त्या, टोपल्या घेऊन बांधावर. मीही लहानपणापासून धरत आलोय, गाभोळीचं कालवण आवडीने खाल्लंय. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा काळ. ओढ्यावर तेव्हाच सगळ्यांत जास्त गर्दी.

त्या सकाळी आम्ही चिलापी, पिल्लं, सायप्रिनस, काहीही परत सोडलं नाही. सायप्रिनसला काटे फार. मामींनी चिंचेचा कोळ घालून तिखट केला, चवीला उत्तम झाला.

पाग टाकणाऱ्या माझ्या गाववाल्यांना एवढंच सांगणं आहे. चिलापी, सायप्रिनस जेवढे मिळतील तेवढे काढा, खा, विका. तळ्यातलं बियाणं किंवा घरातल्या काचेच्या टाकीतले मासे नदीत सोडू नका. आणि या जूनमध्ये वलगणीची पोटुशी मादी हाताला लागली, तर तिला खाचराकडे जाऊ द्या.