ज्वारीच्या वाफ्यातले चल

प्रयोगाचा आराखडा घेऊन नवा विद्यार्थी येतो, तेव्हा त्याच्या वहीत तीन ओळी हमखास असतात. स्वतंत्र चल: नत्राची मात्रा. अवलंबी चल: धान्याचे उत्पादन. नियंत्रित चल: बाकी सगळे. मी वही मिटायला लावतो आणि त्याला शेतात नेतो, कारण ते ‘बाकी सगळे’ तिथेच पसरलेले असते.

समजा, सोलापूरकडची कोरडवाहू रब्बी ज्वारी आहे, वाण मालदांडी ३५-१. हेक्टरी ०, २५, ५० आणि ७५ किलो नत्र द्यायचे. वाण एकच, पेरणी एकाच दिवशी, दोन ओळींत ४५ सेंटीमीटर, स्फुरद सगळीकडे सारखे. एवढे आपल्या हातात असते. जमिनीची खोली मात्र नसते. एकाच शेतात वरच्या अंगाला वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि खालच्या अंगाला काळी माती खोल जाते. रब्बी ज्वारी जगते ती मातीत साठलेल्या ओलीवर. म्हणजे तिच्यासाठी खोली हेच पाणी. पन्नास किलोचे वाफे नेमके खालच्या बाजूला आले, तर पाण्याने केलेल्या कामाचे श्रेय आपण युरियाला देऊन बसू.

म्हणून उताराला आडवे ब्लॉक पाडायचे. प्रत्येक ब्लॉकमध्ये चारही मात्रा, आणि त्यांची जागा चिठ्ठी टाकून ठरवायची. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला रुजू झाले, तेव्हा तिथे १८४३ पासूनच्या गव्हाच्या प्रयोगाच्या नोंदी होत्या. शेतातला फरक थांबवता येत नसेल, तर तो कोणत्याही एका मात्रेच्या बाजूने झुकू देऊ नये आणि तो किती आहे हे पुनरावृत्तीतून मोजावे, ही दृष्टी त्यांनी दिली. आपल्याकडे ती रुजवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांचा वाटा मोठा. ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ हे त्यांचे १९५४ चे पुस्तक कृषी संशोधकांच्या कित्येक पिढ्यांनी हाताळले.

चिठ्ठ्या उघडल्या की विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, शून्याचे दोन वाफे शेजारी आलेत, एक हलवू का?” नाही हलवायचा. नजरेला बरे दिसावे म्हणून वाफा सरकवला, की आपली इच्छाही प्रयोगातला एक चल होते आणि तिची नोंद कुठल्याच रकान्यात नसते.

काढणीतही असे चल दबा धरून असतात. कडेच्या ओळींना उजेड आणि मोकळी जागा जास्त मिळते. त्या सोडून आतल्या नेट प्लॉटचेच वजन घ्यायचे. ओलसर दाणा तराजूवर जड भरतो, तेव्हा सगळे धान्य सारखे वाळवून मगच मापायचे. काढणी एका दिवसात उरकणार नसेल, तर निदान एक ब्लॉक पुरा काढायचा, म्हणजे दिवसाचा फरक त्या ब्लॉकच्या माथी जातो, नत्राच्या नाही.

आणि कडबा. अवलंबी चल निसर्ग ठरवत नाही, आपण ठरवतो, आणि इथे मी हट्ट धरतो. सोलापूरचा शेतकरी ज्वारी पेरतो ती दाण्यासाठी आणि तितकीच जनावरांसाठी. विद्यार्थ्याच्या तक्त्यात मात्र फक्त धान्य असते. पाऊस लवकर उघडलेल्या वर्षी जास्त नत्राने पीक आधी पाल्यावर जाते, ओल लवकर संपवते आणि दाणा भरताना अडते. नुसते धान्य तोलणारा लिहील, ७५ किलो वाया गेले. दावणीला बैलजोडी असलेल्या माणसाचा हिशेब वेगळा निघू शकतो. तो मांडता यावा म्हणून पेंढ्या वाफ्यावरच वाळवायच्या, वाफ्यानुसार चिठ्ठी बांधायची आणि बैलगाडी येण्याआधी तोलून घ्यायच्या.