राजवाडा, सराफा, महेश्वर : लेन्स निवडताना

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात आता तीन-चार तरुण मुलामुलींच्या गळ्यात मिररलेस कॅमेरा दिसतो. कुणी पहिल्या पगारातून घेतलेला असतो, कुणी दिवाळीच्या बोनसमधून. कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम, म्हणजे सगळे जिला ‘किट लेन्स’ म्हणतात ती, वर्षभर वापरून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला : आता दुसरी कोणती घेऊ? खिशात वीस हजार आणि सल्ले लाखाचे, अशी गत होते.

माझी भाची डिसेंबरात बंगळुरूहून इंदूरला आली ती हाच प्रश्न घेऊन. तिच्याकडे निकॉनचा एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा आणि १६-५० मिमीची किट लेन्स आहे. प्रश्नामागचे कारण मात्र घरचे होते. रामबागेतले आमचे जुने घर पावसाळ्याआधी उतरवायचे ठरले आहे. तिची आजी, म्हणजे माझी आई, लग्न होऊन त्याच घरात आली आणि अजून तिथेच राहते. घर रिकामे होण्याआधी, त्यात माणसे वावरत असतानाचे फोटो भाचीला हवे होते. दहा बाय बाराचे माजघर, अंधारा जिना, देवघरातला एक पिवळा दिवा, आणि कॅमेरा दिसला की ताठ होऊन बसणारी आजी. तिला लेन्स हवी होती ती यासाठी.

मी म्हटले, दुकानात जाण्याआधी गावातून एक चक्कर मारू. किट लेन्सची रिंग २४ वर ठेव, वर चिकटपट्टी लाव आणि आज ती हलवू नकोस.

राजवाड्यासमोर : अंतराचा हिशेब

सुरुवात राजवाड्यापासून केली. होळकरांचा हा सात मजली वाडा इंदूरकरांना इतका सवयीचा आहे की आपण त्याकडे मान वर करून पाहतच नाही. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत आतला बराच भाग गेला आणि पुढे पुन्हा बांधावा लागला. जुने फोटो आणि नकाशे किती मोलाचे असतात, हे या वाड्याकडे पाहून कळते.

इथे एक सोपा हिशेब शिकता येतो. लेन्सचा मिमीचा आकडा कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या रुंदीएवढा असेल, तर तुम्ही जितक्या अंतरावर उभे, तितकीच रुंदी फोटोत येते. एपीएस-सी सेन्सर साधारण साडेतेवीस मिमी रुंद असतो. म्हणून २४ मिमीवर तीन मीटर लांब उभे राहिले तर तीन मीटर रुंदीचे दृश्य मिळते. फुल फ्रेम कॅमेऱ्यात सेन्सर ३६ मिमीचा, तिथे हेच काम ३५ मिमीची लेन्स करते. मायक्रो फोर थर्ड्समध्ये १७ मिमीची.

भाचीने चौकातल्या अहिल्यादेवींच्या पुतळ्याजवळून कॅमेरा उभा धरला, चार पावले मागे सरकली आणि वाडा चौकटीत बसवला. झूम नसली की पाय चालतात. तासाभरात तिला डोळ्यांनीच अंदाज येऊ लागला : इथून दोन माणसे बसतील, इथून सगळी कमान.

याच हिशेबाने एक लोकप्रिय सल्लाही तपासून पाहा. ‘स्वस्त आणि मस्त, ५० मिमी एफ १.८ घेऊन टाक’ असे सगळे सांगतात. फुल फ्रेमवर ती लेन्स छानच. पण एपीएस-सीवर तीन मीटरवरून तिच्यात जेमतेम दीड मीटर रुंदी येते. म्हणजे माजघराच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले तरी आजी दिसेल. तिच्या शेजारचा पितळी डबा, खिडकी आणि पायाशी बसलेला पणतू बाहेर राहील. एकट्याच्या चेहऱ्यासाठी ती उत्तम, घरासाठी अपुरी.

सराफ्यात : उजेडाचा हिशेब

रात्री नऊनंतर सराफ्यात शिरलो. दिवसा सोन्या-चांदीची पेढी, रात्री त्याच ओट्यांसमोर खाऊगल्ली. भुट्ट्याचा कीस, थंडीतला गराडू, हातभर जलेबा, आणि दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारे आपले प्रसिद्ध दुकान. खायला स्वर्ग, फोटोला कठीण. उजेड फक्त कढईवरच्या बल्बचा, आणि समोरचे प्रत्येक माणूस हलते.

किट लेन्सचे छिद्र २४ मिमीवर जास्तीत जास्त एफ ४.५ च्या आसपास उघडते. हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. एफ १.७ ची लेन्स त्याच क्षणी सुमारे सातपट उजेड आत घेते. जिथे किट लेन्सला १/२० सेकंद लागतो तिथे तिला १/१२५ पुरतो. १/२० मध्ये गराडू परतणाऱ्या काकांचा हात धुरकट होतो; १/१२५ मध्ये चेहऱ्यावरचे हसू टिकते. उंच उडालेला द्रोण मात्र तेवढ्यानेही थांबत नाही, त्यासाठी १/५०० तरी हवा.

‘पण किट लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे ना?’ भाचीने विचारले. आहे, आणि ते आपला हात हलला तर सांभाळते. समोरचा माणूस हलला तर त्याला काही करता येत नाही. रात्रीच्या रिकाम्या वाड्याला ते उपयोगी. सराफ्यातल्या गर्दीला आणि घरातल्या पोरांना उजेडच हवा.

मग फोनच का नको, असेही कुणी म्हणेल. फोनचा मुख्य कॅमेरा अगदी रुंद पाहतो, त्यामुळे चेहरा भरायला फार जवळ जावे लागते आणि नाक मोठे दिसते. शिवाय कमी उजेडात फोन अनेक फोटो जोडून एक करतो. त्यात त्वचेवरच्या सुरकुत्या पुसल्या जातात. ऐंशी पार केलेल्या आजीच्या सुरकुत्या आम्हाला हव्या होत्या.

कोणती घेतली, आणि बाकीच्यांनी काय पाहावे

दोन दिवसांनी भाचीने निकॉनची २४ मिमी एफ १.७ घेतली. वजन १३५ ग्रॅम. तिच्या किट लेन्सचेही तेवढेच. या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन नाही, झूम नाही, बांधणी प्लॅस्टिकची. वर सांगितलेल्या दोन हिशेबांत बसते म्हणून घेतली.

इतर कॅमेरेवाल्यांसाठी त्याच जातीच्या काही लेन्स : फुजीची २७ मिमी एफ २.८, अवघी ८४ ग्रॅम. सोनी एपीएस-सीला २० मिमी एफ २.८, ६९ ग्रॅम. कॅननची २८ मिमी एफ २.८, १२० ग्रॅम. ती कॅननच्या लहान-मोठ्या दोन्ही सेन्सरवर चालते. निकॉनच्या फुल फ्रेमला ४० मिमी एफ २, १७० ग्रॅम. मायक्रो फोर थर्ड्सवाल्यांना पॅनासॉनिकची २० मिमी एफ १.७, सेन्सर लहान असला तरी उजेडाला ही दणकट. याहून लहानही मिळतात. विल्ट्रॉक्सची २८ मिमी एफ ४.५ फक्त ६० ग्रॅमची, झाकणासारखी चपटी आणि खूप स्वस्त. पण तिचे छिद्र एफ ४.५ वरच कायम. घाटावर दुपारी मजेत चालेल, सराफ्यात रात्री नाही. सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त एवढ्यावर भुलू नये, ते एवढ्यासाठी.

जुनी लेन्स घेत असाल तर मागून फोनचा टॉर्च मारून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. माउंट नीट विचारा : निकॉनची जुनी एफ माउंटची लेन्स नव्या झेड कॅमेऱ्यावर अ‍ॅडॅप्टरशिवाय बसत नाही. पक्के बिल आणि भारतातली वॉरंटी घ्या. आणि गोव्याकडच्या वाचकांनो, पावसाळ्यात लेन्स कपाटात कोंबू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

महेश्वरला : माणसांचा हिशेब

नवी लेन्स घेऊन पुढच्या रविवारी महेश्वर गाठले. मानपूरपुढचा घाट उतरला की माळव्याची थंडी मागे राहते आणि निमाडची ऊब लागते. धामनोदहून वळले की थोड्याच वेळात नर्मदा. महेश्वर नर्मदेच्या उत्तर तीरावर, त्यामुळे घाटांचे तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून दगडी पायऱ्यांवर दिवसभर ऊन असते. नदीच्या मधोमध बाणेश्वराचे देऊळ. ते २४ मिमीत चिमुकले दिसते, आणि दिसू द्यावे. देवळापेक्षा तिथे पाणीच मोठे आहे.

खरी परीक्षा गावातल्या एका विणकराच्या घरी झाली. अहिल्यादेवींनी इथे विणकर आणून वसवले, आणि किल्ल्याच्या दगडांवरची नक्षी, नर्मदेच्या लाटा, विटा, चटई महेश्वरी साडीच्या काठांवर उतरली, हे आपण ऐकतोच. त्या खोलीत माग जवळजवळ सगळी जागा व्यापून होता आणि उजेड एका खिडकीचा. भाचीने आधी विचारले, ‘दीदी, फोटो ले लूँ?’ बाईंनी कॅमेऱ्याकडे पाहिले. ‘इत्ता छोटा? ले लो,’ म्हणाल्या आणि परत विणायला लागल्या.

मोठी लेन्स समोर आली की माणूस आपोआप हात थांबवतो, पदर नीट करतो, पाहुणा होतो. इथे धोटा चालूच राहिला. अडीच मीटरवरून अडीच मीटर : माग, बाई, खिडकी आणि शेजारी अभ्यास करणारी मुलगी, सगळे एका चौकटीत. निघताना भाचीने ते फोटो त्यांच्या फोनवर पाठवले. बाईंनी त्यातला एक मोठा करून पाहिला आणि मुलीला म्हणाल्या, ‘देख, हाथ कितने साफ आए हैं.’

परत आल्यावर भाची चार दिवस रामबागेत आजीकडे राहिली. पहिल्या दिवशी आईने नेहमीप्रमाणे पाठ ताठ केली. दुसऱ्या दिवशी ती कॅमेरा विसरली. लसूण सोलताना, जिन्याचा कठडा धरून उतरताना, देवघरात वाती वळताना, शेजारच्या काकूंशी खिडकीतून बोलताना असे शंभरेक फोटो आहेत. त्यात घर एकदाही मुद्दाम दाखवलेले नाही, तरी प्रत्येकात आहे.

तुम्हालाही लेन्स घ्यायची असेल तर आधी कॅमेऱ्यातले जुने फोटो उघडा. प्रत्येकाच्या माहितीत मिमीचा आकडा असतो. आवडत्या पन्नास फोटोंचे आकडे लिहून काढा. मग घरातली सर्वांत लहान खोली पावलांनी मोजा आणि तिथे संध्याकाळी उजेड किती असतो ते पाहा. एवढे कागदावर आले की दुकानात वाद उरत नाही. आणि इंदूर असो, ग्वाल्हेर, बडोदा की बेळगाव, आपल्या जुन्या वस्त्यांतली घरे भराभर उतरत आहेत. लेन्स यायची तेव्हा येईल; चिकटपट्टी लावलेली किट लेन्स घेऊन या रविवारीच आजीकडे जा. दुपारी खिडकीजवळ बसवलेत तर तीही पुरेशी आहे.