रस्त्यावरचं धान आणि पंचवीस मिलिमीटरचा टायर

तुमसरात रोड बाईक चालवायची म्हणजे आधी उत्तरं पाठ करून ठेवावी लागतात. "गाडी बिघडली का जी?" हा पहिला प्रश्न. "कंपनीनं काढलं का?" हा दुसरा. तिसरा किमतीचा, आणि त्याचं खरं उत्तर मी आजवर कोणालाच दिलेलं नाही. घरी तर नाहीच नाही. चौथा प्रश्न चड्डीबद्दल असतो, तो इथे लिहीत नाही :-)

तर मंडळी, आजचा विषय सायकल आणि गावकी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप पाठीला लावून पुण्याहून घरी आलो तो इथेच राहिलो. तेव्हापासून या दोघींची माझ्या रविवारवरून भांडणं चालू आहेत.

आधी सायकलचं सांगतो. मी करतो त्या प्रकाराला ब्रेव्हे म्हणतात. त्याचे नियम पॅरिसचा एक जुना क्लब ठरवतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. नोव्हेंबर ते ऑक्टोबर असं याचं वर्ष, आणि एका वर्षात हे चारही अंतर पार केले की तुम्ही 'सुपर रँडोन्यूर'. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेच्या आत पोचलात, झालं. पंक्चर आपलं आपण काढायचं, झोप लागली तर बसस्टॉपच्या बाकावर काढायची. बक्षीस काय, तर एक छोटंसं पदक, तेही आपणच पैसे भरून घ्यायचं. आईला हे समजावून सांगताना माझी जी अवस्था झाली ती जाऊ द्या.

आपल्या विदर्भात हे वेड नवीन नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. मी त्या जातीचा नाही. मी आपला आठवड्यातून दोनदा पहाटे चाळीस आणि रविवारी शंभरच्या वर, एवढ्यावर खूश असलेला माणूस.

आणि रस्ते आहेत हो आमच्याकडे! देव्हाडीवरून माडगीला वैनगंगेच्या पुलावर सकाळी सहाला पोचा, धुकं नदीवरून उठत असतं. उत्तरेला चिखला आणि डोंगरी बुजरुकच्या मँगनीजच्या खाणी, तिकडे सागाचं जंगल आणि मधेच चढ. चढ म्हणजे सह्याद्रीवाल्यांनी हसावं असाच, पण आम्हाला तेवढाच. सिहोऱ्याकडून चांदपूरच्या तलावापर्यंत गेलात तर टेकडीवर मारुती आहे आणि खाली चहा.

आता गावकी. पुण्यात पाच वर्षं राहिलो, सोसायटीच्या एकाही मीटिंगला कोणी मला बोलावलं नाही आणि मी गेलो नाही. इथे तसं चालत नाही. मोहल्ल्याची बैठक, वाचनालयाची सभा, गणेश मंडळाचा हिशेब, कोणाची तेरवी, सगळं रविवारी. त्यात मी 'कॉम्प्युटरवाला'. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः बांधीत उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो टाकायचा. सातबाऱ्यावर धानाची नोंद नसेल तर हमीभावाने विकायला ऑनलाईन नोंदणी होत नाही. वडिलांची दोन एकर शेती जवळच्या एका गावात आहे. त्या गावातल्या निम्म्या लोकांच्या दृष्टीने माझ्या डिग्रीचा खरा उपयोग हाच. नोंदणी सुरू झाली की ओट्यावर लाईन लागते. ओटीपी ज्या नंबरावर येतो तो फोन हमखास नागपूरला शिकणाऱ्या पोराजवळ, आणि पोरगा रविवारी सकाळी झोपलेला. हे काम सायकलिंगपेक्षा जास्त स्टॅमिना मागतं, अनुभवाने सांगतो.

इथपर्यंत ही वेळेची ओढाताण होती. लवकर उठून, उशिरा जेवून ती भागवता येते. खरी पंचाईत २०२३ च्या नोव्हेंबरात झाली.

नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे धान निघायचे दिवस (भात म्हणू नका, भात ताटात असतो) आणि ब्रेव्हेचं नवीन वर्ष सुरू व्हायचे दिवस. हवा थंड, पाऊस गेलेला, सायकलला याहून चांगले दिवस नाहीत. आणि नेमकं तेव्हाच अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं असतं. शंभर-शंभर मीटर लांब पट्टा, सोनेरी, दिसायला फार सुंदर. पण माझा टायर पंचवीस मिलिमीटरचा. सुकं धान त्याच्याखाली छर्ऱ्यांसारखं फिरतं. ब्रेक दाबला की गेलात. त्याहून वाईट म्हणजे पट्ट्याच्या कडेने ठेवलेले दगड. गाड्यांनी धानावरून जाऊ नये म्हणून ते मांडतात. संध्याकाळी धान पोत्यात भरून घरी जातं, दगड तिथेच राहतात. अंधारात ते दिसत नाहीत.

त्या महिन्यात आमच्या नागपूरच्या ग्रुपमधला एक जण पहाटे अशाच दगडावर आदळला. कॉलरबोन मोडलं, तीन महिने सायकल बंद. ग्रुपवर संताप उसळला, आणि तो बरोबरच होता. दोन दिवसांत निवेदन तयार झालं. रस्त्यावर धान वाळवणाऱ्यांवर भारतीय दंड विधानाच्या कलम २८३ खाली गुन्हे नोंदवा, सार्वजनिक रस्त्यात अडथळा. मजकूर चांगला होता, फोटो जोडले होते. पहिली सही माझी हवी होती, कारण मी 'लोकल'.

मी सही केली नाही. का, ते जरा विस्ताराने सांगतो, कारण ग्रुपवर मी ते नीट सांगू शकलो नव्हतो. मोबाईलवर एवढं टाईप करवत नाही.

सरकारी खरेदी केंद्रावर धान घेतात ते ओलावा मोजून. १७ टक्क्यांच्या वर गेलं की परत. त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव २,१८३ रुपये क्विंटल होता, आणि केंद्राने परत केलेलं धान व्यापाऱ्याच्या दारात गेलं की तो बोलेल तो भाव. म्हणजे मीटरवरच्या दोन-तीन आकड्यांवर माणसाचं वर्ष ठरतं. पूर्वी विळ्याने कापणी व्हायची, कडपा तीन-चार दिवस बांधीतच पडून वाळायच्या, मग पुंजणे रचायचे आणि सवडीने चुरणं व्हायचं. दाणा खळ्यावर येईपर्यंत अर्धा सुकलेला असायचा. आता हार्वेस्टर येतो. कापणी आणि मळणी एकदमच, एक एकर तासाभरात. धान ओलं आणि सगळंच्या सगळं एकाच दिवशी अंगावर येतं. खळी राहिली नाहीत, अंगणं लहान झाली. डांबराचा रस्ता काळा, टणक, उन्हात तापणारा, माती न लागणारा. ज्याने पहिल्यांदा त्याच्यावर धान पसरलं त्याला मी इंजिनिअर म्हणेन.

त्यात २०२३ च्या नोव्हेंबरअखेर अवकाळी पाऊस झाला. कापलेलं धान भिजलं. निवेदन तयार झालं ते याच आठवड्यात. म्हणजे भिजलेलं धान चार दिवसांच्या उन्हात वाचवायला लोक रस्त्यावर उतरलेले, आणि त्यांच्यावर गुन्हे नोंदवा असं लिहिलेल्या कागदावर पहिली सही माझी! ज्या लोकांचे ओटीपी मी रविवारी मागत होतो, त्यांच्यावर.

(कलम २८३ मध्ये दंड दोनशे रुपयांपर्यंत होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हेच कलम २८५ झालं आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. पाच हजार म्हणजे दोन क्विंटलच्या वर धान. हिशेब करून बघा.)

पण नुसतं 'सही करत नाही' म्हणूनही भागत नव्हतं. मित्राचं हाड खरंच मोडलं होतं. आणि रात्री त्या रस्त्याने फक्त चड्डीवाले सायकलस्वार जात नाहीत. खाणीची शिफ्ट करून परतणारे, देव्हाडीला रात्रीच्या गाडीने उतरणारे, सगळे मोटारसायकलवर. दगड त्यांनाही लागतो.

एका सकाळी थांबून धान पायाने चाळत असलेल्या एका आजीशी बोललो. तिने आधी "कोनाचा होय रे बापू तू?" विचारून घेतलं, वडिलांचं नाव सांगितल्यावर मग बोलली. म्हटलं, आजी, रस्ता आहे हा, कोणी पडेल.

"धान तं दोन दिवसाचं हाये बापू. तुमी तं रोजच जाता."

यावर काय बोलणार? म्हटलं, बरं, धान राहू द्या, पण दगड संध्याकाळी उचलाल का? तर म्हणाली, दगड आमचे नाहीत, ते मागच्या वर्षीपासून तिथेच आहेत, ज्याला लागतात तो घेतो. म्हणजे दगडाला मालकच नाही. सॉफ्टवेअरमध्ये अशा कोडला काय म्हणतात ते आपल्या लोकांना सांगायला नको.

मग विषय ग्रामसभेत न्यायचा ठरवला. गंमत अशी, की शेती त्या गावात असली तरी माझं नाव मतदार यादीत तुमसर शहराच्या, त्यामुळे ग्रामसभेत मला हात वर करता येत नाही. चुलतभावाला पढवलं. २ ऑक्टोबर २०२४ ची ग्रामसभा. त्याच दिवशी आमच्या ग्रुपची शंभर किलोमीटरची राईड होती, ती सोडली. सभा दहाची, सुरू झाली साडेअकराला. पहिला तास घरकुलाच्या यादीवर गेला, मग पांदण रस्त्यावरून दोन भाऊबंद एकमेकांच्या अंगावर गेले, आणि आमचा विषय आला तेव्हा निम्मे लोक जेवायला उठत होते.

चुलतभाऊ उभा राहिला आणि बोलायचं विसरला. शेवटी मागून एक जण म्हणाला, "दगडाच्या जागी तणस भरलेले पोते ठेवा ना जी, गाडी आदळली तरी कोनी मरत नाही." हे आम्ही पढवलेलं नव्हतं. पाच मिनिटांत ठरलं. दगड नाही, तणसाची पोती. वळणावर धान टाकायचं नाही. रस्त्याची एकच बाजू. अंधार पडायच्या आत सगळं उचलायचं. आणि वाळवणीसाठी गावाचा सामाईक ओटा बांधावा, असा ठराव. ओट्यावर मात्र पाऊण तास वाद झाला, कारण जागा कुठली? प्रत्येकाला ओटा हवा होता आणि तो दुसऱ्याच्या घरामागे हवा होता.

त्या हंगामात पोती दिसली. सगळीकडे नाही. आमच्या गावाच्या हद्दीत बऱ्यापैकी, पुढच्या गावात दगडच. ग्रुपवर मी रस्त्याचा नकाशा टाकला: नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्योदयाआधी हा पट्टा घेऊ नका, धान दिसलं की वेग कमी, पट्ट्यावरून चालवायचं नाही, अगदी जागा नसेल तर उतरून चालायचं. दोघांनी 'शेतकऱ्यांचा वकील' असं नाव ठेवलं. एकाने ग्रुप सोडला. निवेदन माझ्या सहीशिवाय गेलं आणि त्याचं पुढे काही झाल्याचं दिसलं नाही.

ओट्याच्या जागेचा तिढा सुटायला बरेच महिने लागले. २०२५ साली जागा ठरली, तिथे वाढलेली झुडपं काढायला श्रमदान ठेवलं. तारीख ठरवायला सगळे माझ्याकडे बघत होते, मी म्हटलं रविवार. आणि मग लक्षात आलं, त्या शनिवार-रविवारी ६०० ची ब्रेव्हे. त्या वर्षी २००, ३०० आणि ४०० झाले होते, हा एकच राहिला होता. तारीख पुढे ढकलली असती तर पेरणी लागली असती आणि माणसं मिळाली नसती. मी कुऱ्हाड घेऊन गेलो. दुपारी फोनवर ग्रुपचे फोटो येत होते, कोण कुठल्या कंट्रोल पॉईंटला पोचलं ते. वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, आजही वाटतं. सुपर रँडोन्यूरचं ते पदक आपण पैसे भरूनच घेतो हे खरं आहे, पण ते घ्यायचा हक्क लागतो ना राव.

वर्षाअखेर, २०२५ च्या डिसेंबरात, राज्यभर नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. एका पक्षाचे कार्यकर्ते घरी आले. मला वाटलं रस्त्यांबद्दल काही विचारतील, मनातल्या मनात मुद्दे काढले. त्यांना प्रचाराच्या सायकल रॅलीत पुढे चालवायला 'ती महागडी सायकल' हवी होती, झेंडा लावून. मी म्हटलं तिला झेंडा लावायला जागा नाही. खरं म्हणजे आहे.

ओट्यावर सध्या मुरूम टाकून झालाय, काँक्रीट व्हायचंय. मागच्या हंगामात तीन घरांनी ताडपत्री अंथरून तिथे धान वाळवलं, बाकीचे रस्त्यावरच. कॉलरबोनवाला मित्र तेव्हा पहिल्यांदाच परत या रस्त्याला आला होता. धान दिसल्यावर न सांगता उतरला, सायकल खांद्यावर घेतली आणि बुटाचे क्लीट वाजवत कडेकडेने चालू लागला. आजी तिथेच होती. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "याची पन बिघडली का?"